गाळलेल्या जागा

भाचीने पिशवीतून वही काढली तेव्हा तिचं कव्हर ताठ होतं. चामड्याचं, वर कोरलेली चंद्रकोर, पितळी कडी, आत मुद्दाम जुनाट दिसावा असा पिवळसर जाड कागद. ऑनलाइन मागवलेली. पुण्यात ती अशीच ताठ राहिली असती. आमच्याकडे ऐन भाद्रपदात चार दिवस फडताळात पडली आणि पुरीसारखी फुगली. पाचव्या दिवशी कडी लागेना.

"आत्ये, हा माझा ग्रिमोआर."

"म्हणजे काय गो?"

"विचेस ठेवतात ती वही. मंत्र, झाडपाला, चंद्राच्या कला, स्वप्नं, सगळं. प्रत्येकीची स्वतःची असते."

माजघरात आरतीची तयारी चालली होती, चुलतभाऊ टाळ शोधत होता, आणि ही पोरगी पडवीत बसून शांतपणे मला सांगत होती की ती विच आहे. तिचं वय सव्वीस. कंपनीत डेटाचं काही काम करते. वही मात्र कोरी होती. पहिल्या पानावर सोनेरी शाईत नाव आणि त्याखाली इंग्रजीत एक शब्द, दुसऱ्यावर एक चांदणी, बस. दीड वर्ष झालं म्हणे विकत घेऊन. "कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. चुकीचं काही लिहिलं तर?"

मी कोकणातल्या शिरोड्याजवळच्या एका खेड्यात राहते आणि सत्तावीस वर्षं वाचनालयात पुस्तकांना नंबर घालत आले आहे. नवा शब्द कानावर पडला की तो कुठल्या कपाटातला हे बघितल्याशिवाय मला झोप येत नाही. ग्रिमोआर हा फ्रेंच शब्द, आणि तो निघाला चक्क व्याकरण या शब्दातून. ज्याला लॅटिन वाचता येत नाही त्याच्या लेखी लॅटिनचं कुठलंही पुस्तक म्हणजे काहीतरी करणी-कवटाळाचंच, असा तो प्रवास. युरोपात सुलैमान राजाच्या नावावर खपवलेली अशी बाडं शतकानुशतकं हाताने नकलून फिरत होती. भाची ज्या विक्का पंथाचं नाव घेते तो मात्र माझ्या आईहून वयाने लहान. इंग्लंडात जादूटोण्याविरुद्धचा १७३५चा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि जेरल्ड गार्डनर नावाच्या, मलायात कस्टमच्या नोकरीत वर्षं काढून परतलेल्या गृहस्थाने १९५४ मध्ये या पंथाबद्दल उघडपणे लिहिलं. त्याच्या मंडळात एक रीत होती: नव्याने आलेल्याने गुरूची वही स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायची. बाकी सगळं मी एका कानाने ऐकलं असेल, पण हे ऐकून थांबले. कारण उतरवून घेण्यासारखी एक वही आमच्या घरातच होती.

आजीची वही. लाल खारव्याच्या बांधणीची लांबडी खातेवही. ती दोन्ही बाजूंनी सुरू होते. पुढून वाणसामान, नारळाचे हिशेब, कुणाला किती भात उसना दिला ते. उलटी धरून मागून उघडली की दुसरंच राज्य: बाळाची दृष्ट, आंबलेल्या पोटावर काय द्यायचं, म्हशीने पान्हा चोरला तर काय, रात्री अंगणात कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ का द्यायची नाही. हे दोन प्रवाह साधारण मधोमध येऊन भिडतात आणि तिथे एका पानावर दीडशे नारळांच्या खाली लगेच चकव्यावरचा उपाय आहे. (चकवा लागला तर पुढे जाऊ नये, आहे तिथे बसावं, पाणी प्यावं, उजाडू द्यावं. रानात वाट चुकलेल्या माणसाला याहून शहाणा सल्ला अजून कोणी दिलेला मला तरी ठाऊक नाही.)

वहीतली पहिली काही पानं आजीच्या आधीची, पणजोबांच्या मोडीतली. मी पंधरा दिवसांचा मोडीचा वर्ग केला होता, तेवढ्या भांडवलावर मी ती वाचायला घेतली. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ एका दमात धावते. एका पानावर एकच शब्दसमूह पुन्हापुन्हा, शेवटी एक आकडा, असं सात ओळी. मी तीन महिने तो मंत्र समजून जपला. म्हणजे मोठ्याने नाही, पण देवघरासमोर बसून एकदोनदा म्हणून पाहिला, खोटं कशाला बोलू. शेवटी एका जाणकाराने वाचून सांगितलं की पणजोबांनी एकाच गृहस्थाकडे सात वेळा सुपारीचे पैसे मागितले होते. वसूल झाले नव्हते. मंत्र नव्हताच असंही मी म्हणणार नाही.

तर ठरलं असं की वही तिची, मजकूर आजीचा, मांडणी माझी. गणपती अकरा दिवसांचे होते. रोज दुपारी जेवणं आवरली की आम्ही दोघी पडवीत.

पहिले दोन दिवस मी ड्युईबरोबर वाया घालवले, म्हणजे ज्याच्या पद्धतीने आम्ही वाचनालयात पुस्तकांना नंबर घालतो तो. त्याच्या वर्गीकरणात जादूटोण्याला १३३ मध्ये जागा आहे, लोककथा-लोकसमजुतींना ३९८, औषधांना ६१५, स्वयंपाकाला ६४१, आपल्या देवधर्माला २९४. आजीची ओव्याची नोंद घ्या. भाजलेला ओवा बाळंतिणीला खायला द्यावा, हे ६१५ की ६४१? त्यातलाच चिमूटभर तिच्या उशाखाली ठेवावा, हे १३३. खोलीच्या दारात धुरी द्यावी कारण सटवी सहाव्या रात्री येते, हे ३९८. आणि धुरी द्यायच्या आधी कुलदेवतेचं नाव घ्यावं, २९४. आजीच्या लेखी हे एकाच संध्याकाळचं एकच काम होतं. मी त्याचे पाच तुकडे करून पाच कपाटांत ठेवायला निघाले होते.

मग मला आपले ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन आठवले. १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे की विषय म्हणजे एक कप्पा नव्हे. त्याला पैलू असतात. त्यांनी पुढे पाच पक्के केले: मुख्य वस्तू, तिचं द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत हे पाठ करताना मी रडकुंडीला आले होते, आणि नंतर सत्तावीस वर्षांत आमच्या वाचनालयात ते वापरायची वेळ एकदाही आली नाही, कारण तिथे ड्युईच. आता मात्र आजीची वही समोर ठेवून बघते तर प्रत्येक नोंद या पाचांत चपखल बसते. कोणासाठी, काय घेऊन, काय करून, कुठे, कधी. दृष्टीची नोंद: तान्हं मूल, मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या, केरसुणीचा हीर, तीनदा उतरून चुलीत टाकणे, उंबरठ्याच्या आत, तिन्हीसांजेला. भाची टाळ्याच पिटायला लागली. "आत्ये, हे तर डेटाबेस झालं! पाच कॉलम!" कॉलम म्हण नाहीतर काय म्हण.

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर पाच शब्दांची एक ओळ असते. मागे सूची आहे ती विषयांची नाही, वस्तूंची आणि वेळांची. मीठ काढलं की मीठ जिथेजिथे आलंय ती सगळी पानं. तिन्हीसांज काढली की त्या वेळेची सगळी कामं. ही सूची करताना एक गोष्ट दिसली जी वही सलग वाचून मला कधीच दिसली नसती: आजीच्या उपायांत विकत आणायच्या वस्तू जवळजवळ नाहीतच. हळद, मीठ, राख, केरसुणीचा हीर, तुळशीखालची माती, नारळाची शेंडी, विड्याचं पान. भाचीच्या मोबाईलवरच्या यादीत गुलाबी स्फटिक होता, धुरीसाठी पांढऱ्या सेज नावाच्या पाल्याची जुडी होती आणि कुठल्याशा परदेशी झाडाची काडी. सेजची जुडी तीनशे रुपयांना. मी काही बोलले नाही. सूचीनेच काम केलं. चौथ्या दिवशी तिने स्वतःच यादीवर काट मारली.

मिठाबद्दल जरा थांबते. दृष्ट काढायला पाकिटातलं बारीक मीठ चालत नाही, ते चुलीत तडतडत नाही. जाडं मीठ लागतं, आणि ते आमच्याकडे शिरोड्याच्या मिठागराचं. पावसाआधी मडक्यात भरून ठेवायचं, कारण पावसाळ्यात आगरात नुसतं पाणी. १९३० च्या मे महिन्यात याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा आजी बारा वर्षांची होती, बापाचा हात धरून बांधावरून बघत होती. मूठभर मीठ उचललं म्हणून माणसांना मारत नेताना तिने पाहिलं. तिच्या वहीत उलट्या बाजूच्या पहिल्याच पानावर फक्त एवढंच आहे: "मीठ उसने देऊ नये. मागितल्यास परत न घेण्याचे ठरवून द्यावे." हे पान आम्ही तसंच ठेवलं. पाच शब्दांची ओळ त्यावर घातली नाही.

काळाच्या रकान्यात आणखी एक मजा झाली. भाची चंद्राच्या कलांचं इंग्रजी कॅलेंडर चिकटवणार होती. आजीच्या वहीत त्याऐवजी एक ओळ आहे, "तिथीची पाऊणपट". खाली काही नाही. ती काय ते मला लहानपणापासून माहीत, इथे गाबतांच्या, म्हणजे मासे मारणाऱ्यांच्या, पोरांनाही माहीत असतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अवस झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हिशेबात दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण होडी काढायला एवढं पुरतं. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. भाचीने त्या दिवशीची तिथी धरून वेळ काढली, छत्री घेऊन खाडीवर गेली आणि तासाभराने चपला हातात घेऊन परत आली. "खरंच आलं गं पाणी!" चंद्राशी संबंध असलेलं काहीतरी आपण स्वतः बोटांवर मोजलं आणि ते वेळेवर आलं, याचा जो आनंद तिच्या चेहऱ्यावर होता तो मी बरेच दिवस विसरले होते.

असं सगळं गोडगोड चाललं असताना सातविणीचं पान आलं.

आषाढातल्या अवसेला आमच्या घरात सातविणीच्या सालीचा रस पितात. कडूजहर. वर्षभर ताप येत नाही म्हणतात. आजीची नोंद तपशीलवार आहे: उजाडायच्या आत, कोणाशी न बोलता जावं, साल दगडाने ठेचून काढावी, लोखंड लावू नये, मिरी-लसूण घालून उकळावी. भाचीला हे पान फार आवडलं. मुकाट्याने, अंधारात, दगडाने. याहून जास्त ग्रिमोआर काय असणार! तिने सुंदर अक्षरात ते उतरवायला घेतलं आणि मी तिचा हात धरला.

कारण त्या नोंदीत एक गोष्ट नाही. आजीला ती लिहायची गरजच वाटली नाही, कारण तिला झाड कुठलं ते पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक होतं. आमच्या रानात सातवीण आहे तसा काजराही आहे. काजरा म्हणजे कुचला. त्यात स्ट्रिकनीन असतं, आणि चुकून त्याची साल उकळली तर त्या घरात पुढच्या अवसेची चिंता करायला कोणी उरणार नाही. उजेडात दोन्ही झाडं मुळीच सारखी नाहीत. सातविणीची पानं एका गाठीवर सातसात गोल लागतात आणि खरवडलं की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पानं जोडीजोडीने, रुंद, देठापासून निघालेल्या ठळक शिरांची; चीक नाही, आणि फळ नारिंगी रंगाचं, आत बटणासारख्या बिया. पण उजाडायच्या आधी, न बोलता, नुसत्या खोडाशी? वहीतल्या तीन अटी एकत्र केल्या तर झाड ओळखायचं कसं ते सांगणारा माणूसच बाजूला होतो.

आम्ही ते पान अर्धा दिवस लिहीत होतो. शेवटी असं लिहिलं की झाड आदल्या दिवशी उजेडात, जाणत्या माणसाला दाखवून, खोडाला पांढरी चिंधी बांधून ठेवावं. चिंधी नसेल त्या झाडाला हात लावू नये. आणि ज्याला झाड ओळखता येत नाही त्याने त्या दिवशी काढ्याऐवजी चहा प्यावा. शेवटचं वाक्य माझं. भाचीला ते वहीच्या तोलाला शोभत नाही असं वाटलं. मी म्हटलं, राहू दे. शेजारी दोन्ही पानांची चित्रं काढली, पेन्सिलने. खरी पानं दाबून चिकटवायचा तिचा बेत होता, पण आमच्या हवेत दाबलेल्या पानाला आठवड्यात बुरशी येते आणि ती शेजारच्या चार पानांना लागते.

पेन्सिलचंही कारण हवाच. सोनेरी शाई तिसऱ्या दिवशी ओघळली. जेलपेन पसरतं. स्टेपलची पिन एका पावसाळ्यात गंजून कागदावर तांबडा डाग पाडते. आजीची बोरूची शाई आणि ही आजची पेन्सिल, एवढंच टिकतं असं मी वाचनालयातल्या अनुभवाने सांगते. वहीची ती पितळी कडी काढून टाकली. जुन्या दप्तरांना कापडी रुमालात बांधत तसं एका धुतलेल्या पंच्यात वही बांधायची, आत वेखंडाचे दोन तुकडे. कसर येत नाही. भाची म्हणाली हे आधीच्यापेक्षा भारी दिसतं. दिसतंच.

आता विंचवाच्या मंत्राचं सांगते, त्याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

आजीला विंचू उतरवता येत असे. लांबून लोक येत. मी लहानपणी पाहिलंय: माणूस कण्हत यायचा, आजी कडुलिंबाच्या डहाळीने वरून खाली झाडायची, ओठ हलत असायचे, आणि तासादोनतासाने माणूस चालत जायचा. वहीत मंत्र आहे. नवनाथांच्या नावाने सुरू होतो, मध्ये विंचवाला त्याच्या रंगावरून हाका आहेत, शेवटी गुरूची आण. आणि सातव्या ओळीत एक शब्द नाही. जागा मोकळी सोडलेली आहे, शाळेतल्या गाळलेल्या जागा भरा सारखी, आणि कंसात बारीक अक्षरात: "येथे एक शब्द."

आधी मंत्राच्या बाजूला काय लिहिलं ते सांगते. भाची म्हणाली, याची पाच शब्दांची ओळ काय? मी लिहिलं, आणि त्या ओळीच्या वर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: आधी १०८ ला फोन. कारण पुढे मोठेपणी मला हेही कळलं की आजीकडून चालत गेलेल्यांत बरेच जण काळ्या इंगळीने मारलेले असणार. इंगळी दिसायला भयंकर, पण तिचं विष बहुधा दुखवून थांबतं. जीव घेतो तो लहानसा लाल विंचू. त्याचा दंश झालेल्याला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात असताना असे रुग्ण रात्ररात्र उशाशी बसून बघत राहिले आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडतं हे त्यांनी दाखवलं. कोकणातली किती माणसं त्यामुळे जगली असतील. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनीही वहीच ठेवली असणार की. कोण आला, कधी आला, नाडी किती, घाम किती. कोणासाठी, काय घेऊन, कुठे, कधी.

आजीकडून चालत न गेलेला एकजण मला आठवतो. नऊ-दहा वर्षांचा मुलगा. आजीने तीनदा झाडलं आणि मग डहाळी टाकून त्याच्या बापाला म्हणाली, "गाडी बग." तेव्हा गाडी मिळायला दीड तास लागला. पुढचं मला घरात कोणी सांगितलं नाही. वहीत त्या तारखेला पुढच्या बाजूने नारळाचा हिशेब आहे आणि मागच्या बाजूने काही नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ला झाला. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. मी तो कायदा वाचनालयात आल्या दिवशीच वाचून काढला होता, आजी डोळ्यांपुढे ठेवून. तिने कोणाला अडवलं नव्हतं असं मला म्हणावंसं वाटतं. पण माणसं आधी तिच्याकडे येत आणि मग गाडी बघत, आणि तेवढा वेळ जायचाच.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: अमुक बाई करणी करते, चेटूक करते असं सांगून तिचं जगणं कठीण करणं हाही गुन्हा. हे वाचून दाखवलं तेव्हा भाची गप्प झाली. मी तिला जे सांगायचं टाळत होते ते त्या दिवशी सांगितलं. ती पहिल्या दिवशी पडवीत बसून हसतहसत "मी विच आहे" म्हणाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आमच्या भागात हा शब्द बाईने स्वतःहून कधी घेतला नाही. तो तिच्यावर टाकत. बहुधा विधवा, बहुधा पोटी मूल नसलेली, बहुधा जिच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत अशी एक बाई होती. एका पावसाळ्यात तीन मुलं तापाने आजारी पडली आणि तिच्या विहिरीवर पाणी भरणं बंद झालं. रस्त्यात ती दिसली की बायका पदराआड पोरं घेत.

आजीच्या वहीत "करणी उलटवणे" असं एक पान आहे. भाचीने ते धास्तावतच उघडलं. लिंबू, टाचण्या, स्मशानातली राख, असलं काहीतरी असणार. त्यावर आहे ते असं: "ज्या बाईचे नाव घेतात तिच्या घरचे ताक चाळीस दिवस आणून प्यावे. सगळ्यांदेखत." सगळ्यांदेखत या शब्दाखाली दोन रेघा. मला ते ताक आठवतं. आंबट असायचं. तांब्या घेऊन मलाच पाठवायची आजी, भर दुपारी, वाडीच्या मधल्या वाटेने, मागच्या वाटेने जायचं नाही अशी ताकीद देऊन. मला वाटायचं आमच्या म्हशी आटल्यात.

भाचीने ते पान उतरवलं आणि पाच शब्दांच्या ओळीत "कुठे" या जागी लिहिलं, मधल्या वाटेने. मग वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतःच्या नावाखाली इंग्रजीत जे लिहिलं होतं ते खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला, पण ती सोनेरी शाई होती. नुसता डाग पडला. अजून आहे.

राहता राहिली मंत्रातली मोकळी जागा. तो शब्द आता एकट्या काकीला माहीत, आजीची धाकटी सून. वय पंचाऐंशी. मी तिला गेली पंधरा वर्षं विचारते आहे. नोंद अपुरी आहे हे मला सहन होत नाही, तो माझा धंद्याचा रोग. दरवेळी तिचं एकच उत्तर: "मंत्र कानात घालूचो असता गो, कागदार न्हय. कागद काय, कोणय वाचता." शिवाय तो द्यायचा ग्रहणात, पाण्यात उभं राहून, आणि एकदा दिला की देणाऱ्याचा गुण जातो.

गणपती शनिवारी गेले, ६ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा आणि खग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं, काकी सकाळचं जेवून जी बसली ती काही तोंडात न घालता. संध्याकाळी तिने आपणहून विचारलं, खाडीला पाणी कधी चढतंय? भाचीने पंधराची पाऊणपट केली. सव्वाअकरा.

रात्री दहाला चंद्राला कड लागली तेव्हा ढग होते. आम्ही दोघींनी काकीला दोन बाजूंनी धरून बांधापर्यंत नेलं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं तिचं वय नाही. तिनेच तोड काढली, दगडावर बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचे. पाणी हळूहळू पोटऱ्यांपर्यंत आलं. अकरा वाजून गेल्यावर ढग सरले आणि चंद्र तांबडा दिसला, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. मी पदर खोचला, काकीशेजारी पाण्यात उतरले आणि कान पुढे केला. खरं सांगते, पेन्सिलही होती कमरेला.

काकीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बांधावर उकिडवी बसलेल्या पोरीकडे.

"तू लिवन ठेवतलंस," ती मला म्हणाली. "हिका देतंय."

मी बाजूला झाले. भाची पाण्यात उतरली, जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली. काकीने तिचं डोकं दोन्ही हातांत धरून जवळ ओढलं. किती वेळ लागला म्हणाल तर एक शब्द सांगायला लागतो तेवढाच. मला फक्त पाण्याचा आवाज ऐकू आला, भरती पूर्ण झाली की मधली काही मिनिटं पाणी थांबल्यासारखं होतं तेवढ्यात.

दुसऱ्या दिवशी म्हाळ सुरू झाले आणि रात्रीच्या बसने भाची गेली. जाण्याआधी तिने वही पंच्यातून सोडली, विंचवाचं पान काढलं. मी चहा गाळत होते, तिरक्या नजरेने बघितलं. तिने सातव्या ओळीतली जागा तशीच मोकळी ठेवली होती. खाली, कंसात, आजीसारखंच बारीक लिहिलं होतं, येथे एक शब्द, आणि त्यापुढे तारीख.